मोहिनीच्या मापाचे डोळे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक आदरणीय विठ्ठलराव गुरुजी, एवढ्या उकाड्यात संभाजीनगरहून मुद्दाम आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टर मंजुषा मॅडम, आपल्या देवीच्या पुजारीण आणि आम्हा सगळ्यांच्या भामाआजी, समोर बसलेले माझे अण्णा आणि आई, गेवराईहून आलेले माझे मामा आणि सासरे रामहरी, सर्व वडीलधारी मंडळी, माताभगिनी आणि बालमित्रांनो, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी कुमारी मोहिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मी भाषण कागदावर लिहून आणलं आहे आणि वाचूनच दाखवणार आहे. पाठ करून बघितलं, पण मधल्या एका ओळीपाशी आलो की पुढचं सुचत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. यातले शास्त्राचे शब्द मी मॅडमना फोनवर वाचून दाखवले आहेत आणि शुद्धलेखन गुरुजींकडून तपासून घेतलं आहे. तेव्हा काही चुकलं तर ते माझ्या वाचण्यात चुकलं असं समजावं, त्यांच्या शिकवण्यात नाही.

निरोप समारंभ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? निवृत्त होणारे गुरुजी, बदली झालेले तलाठीभाऊ, शाल, नारळ, डोळ्यांच्या कडा पुसणं. आजच्या सत्कारमूर्तीचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत. पहिलीतल्या मुलीला निरोप द्यायची वेळ आपल्या शाळेवर याआधी आली नसेल, पुढेही न येवो. मोहिनी आज दुपारी संभाजीनगरच्या निवासी अंध शाळेत जाते आहे. तिथं बोटांनी वाचायला शिकवतात. ती तिथं राहणार आणि आम्ही इथं राहणार. ही ती मधली ओळ होती. ती झाली.

या मुलीनं या शाळेत काय केलं, ते मी सांगायला नको. पाढे तिचे वीसपर्यंत पाठ आहेत. माणूस तिला चपलेवरून ओळखू येतो. एकदा ती वर्गात म्हणाली होती, "गुरुजी, आज तुमी रागावलेले हायत. रागात आसले की तुमची उजवी चप्पल जास्त वाजतीय." गुरुजींनी दुसऱ्या दिवशी चप्पल बदलली, असं मुलं सांगतात. खरं-खोटं अध्यक्षांनी समारोपात सांगावं.

पण ती का जाते आहे, हे गावानं एकदा नीट ऐकावं अशी माझी इच्छा आहे. गावात त्याच्या चार गोष्टी फिरतात आणि चारही खऱ्या नाहीत. म्हणून मी सुरुवातीपासून सांगतो.

दिनांक १७ जानेवारी २०१९, गुरुवार, सकाळी सव्वासात. मी पाटोद्याच्या दुकानात शेगडी पेटवून नवसाचे डोळे पाडत होतो. तुम्हाला माहीतच आहे, आमचं घराणं चांदीच्या डोळ्यांचं. कुणाचे डोळे आले, कुणाला अंधुक दिसायला लागलं, की माणूस आमच्याकडून चांदीच्या डोळ्यांची जोडी घेतो आणि देवीला वाहतो. देवीच्या मुखवट्यावर बसतात ते मोठे डोळेही चार पिढ्या आमच्याच हातचे. त्या सकाळी धाकटा भाऊ युवराज पळत आला आणि म्हणाला, "दादा, पोरगी झाली. अन् डोळे बघ तिचे, डोळेच डोळे हायत नुसते."

खरोखर तसंच होतं. टपोरे, काळेभोर, चेहऱ्यात मावत नाहीत असे डोळे. अण्णांनी तिला हातात घेतलं. माझे अण्णा, राधाकिशन सोनार, कमी बोलणारे. ते तेव्हा जे बोलले ते गल्लीनं ऐकलं आहे. "चार पिढ्या देवीचे डोळे घडवले. आज तिनं एक जोडी आपल्या घरात दिली." नावही त्यांनीच ठेवलं, मोहिनी.

आता मला सांगा, ज्या घरात रोज सकाळी उठून डोळे घडवायचे, त्या घरात असं बाळ आलं तर कोण दुसरा विचार करेल? बाळाचे डोळे महिन्या-महिन्याला मोठे होत गेले. आम्ही म्हटलं, देवीची कृपा वाढते आहे. बाळाच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळा. उजेडात नेलं की ती तोंड माझ्या बायकोच्या, मंगलच्या पदरात खुपसायची. आम्ही म्हटलं, लाजते. बुबुळावर निळसर झाक आली, तर अण्णा म्हणाले, मोरपंखाचा रंग उतरलाय. एकेक लक्षण समोर येत होतं आणि आम्ही एकेकाची पूजा करत होतो.

त्या नवरात्रात अष्टमीला मोहिनीला देवीसमोर पाटावर बसवलं. भामाआजींनी तिची ओटी भरली. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून बायका बघायला आल्या. आणि अण्णांनी त्याच नवरात्रासाठी देवीला नवे डोळे घडवले. मोहिनी झोपलेली असताना त्यांनी दोरा धरून तिच्या डोळ्याचं माप घेतलं होतं. आपल्या देवीच्या मुखवट्यावर तेव्हापासून जे डोळे बसत आले, ते मोहिनीच्या मापाचे आहेत. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसेल. आज माहीत व्हावी.

कुणीच बोललं नाही का? एक जण बोलला. आमच्या दुकानाला लागून वाहेदभाईंचा फळांचा गाडा आहे. ते आज मागे दाराशी उभे आहेत, खुर्ची दिली तरी बसत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात मंगल बाळाला घेऊन दुकानात आली होती. वाहेदभाईंनी तिच्याकडं बघितलं, आणि अण्णांसमोर मला म्हणाले, "रामेश्वर, बुरा मानू नको. मोसंबी लई मोठी दिसली की गिऱ्हाईक खूश होतंय. पन मी हातात घेतो न्हवं, मला कळतंय, आत नुसतं पानी भरलंय. माझ्या बहिणीच्या जोयाचे डोळे आसेच आलते. शहरात दाखव हिला."

अण्णा म्हणाले, "तू मोसंबी बघ बे. देवीचं आमी बघतो."

वाहेदभाई आपल्या गाड्याकडं वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंगलसाठी डाळिंबं पाठवली आणि डाळिंबांच्या पिशवीत डॉक्टरांचा पत्ता. तो पत्ता अण्णांनी देव्हाऱ्यात, देवाच्या पायाखाली ठेवला. फेकला नाही. मी आजही त्याबद्दल अण्णांना दोष देत नाही. त्यांना नात लपवायची नव्हती, ते तर तिला मिरवत होते.

मग पहिला वाढदिवस आला. संध्याकाळी मंगलनं निरांजन लावलं आणि औक्षण करायला बसली. एरवी उजेड जवळ आला की रडून तोंड फिरवणारी मोहिनी त्या दिवशी रडली नाही. ज्योतीकडं सरळ बघत राहिली. पापणीसुद्धा हलवली नाही. सगळे म्हणाले, पोर धीट झाली. माझ्या आईनं टाळ्या वाजवल्या. मंगलनं ताम्हण डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. मोहिनीची नजर जागची हलली नाही. मंगलनं ताम्हण खाली ठेवलं आणि मला एवढंच म्हणाली, "अवो, गाडी बघा. आत्ताच्या आत्ता बघा." देवाच्या पायाखालचा पत्ता तिनंच काढला.

गाडी वाहेदभाईंचीच होती. त्यांनी रस्ताभर एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं.

मंजुषा मॅडमनी तपासलं. बाळाला भूल देऊन डोळ्यातला दाब मोजला. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हा काचबिंदू आहे, जन्मापासूनचा. मी म्हटलं, मॅडम, काचबिंदू तर म्हाताऱ्या माणसांना होतो. त्या म्हणाल्या, हा वेगळा. आणि मग त्यांनी जे समजावलं, ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसंच समजलं.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी तयार होत असतं. हे रडण्याचं पाणी नाही, हे आतलं. ते पाणी बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून रोज बाहेर जातं. जितकं येतं तितकं जातं, म्हणून डोळा नीट राहतो. मोहिनीची ती जाळी पोटात असतानाच नीट घडली नाही. पाणी येत राहिलं, जायला वाट नाही. आम्ही देवीचा डोळा कसा घडवतो? चांदीचा पत्रा तापवून मऊ केलेल्या राळेवर पालथा ठेवतो आणि आतल्या बाजूनं ठोकत जातो. आतून मार बसतो तसा डोळा फुगून वर येतो. लहान बाळाचा डोळा त्या पत्र्यासारखाच मऊ असतो. आतून दाब बसत होता आणि डोळा मोठा होत होता. ज्याला आम्ही रूप म्हणत होतो, तो मार होता. आणि डोळ्याच्या मागं जी नस मेंदूला दिसलेलं सांगते, ती त्या दाबाखाली रोज थोडी मरत होती. मेलेली नस परत येत नाही.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पाण्याला वाट करून दिली. दाब उतरला, पण उजव्या डोळ्याची नस तोवर संपली होती. डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली, एवढंच कळतं.

घरी आलो आणि मग दुसरं सुरू झालं. माणसाला कारण लागतं. मोहिनी पोटात असताना आषाढी पुनवेचं चंद्रग्रहण झालं होतं. म्हणाले, मंगलनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. हे कुणी परक्यानं म्हटलं असतं तर सोसलं असतं. घरातही म्हटलं गेलं. मंगल कुणाशी भांडली नाही. मला म्हणाली, "त्या रात्री मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलते. पहाटंपर्यंत. मुंग्या आल्या हाताला. अजून काय करायचं होतं मी?" पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी मॅडमना भीत भीत विचारलं, मॅडम, ग्रहणानं होतं का हे? काजळानं? त्या म्हणाल्या, नाही. मग म्हणाल्या, तुमचं लग्न नात्यात झालं आहे का? मी म्हटलं, हो, मंगल माझ्या मामाची मुलगी.

तेव्हा त्यांनी आमचं रक्त घेतलं. माझं, मंगलचं, मोहिनीचं, आणि सांगितलं की शरीरात प्रत्येक कामासाठी प्रथिनं असतात आणि ती कशी घडवायची हे जनुकात लिहिलेलं असतं. प्रथिन म्हटल्यावर मला डाळ आणि अंडी आठवली. मी विचारलं, मंगलच्या खाण्यात कमी पडलं का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, रामेश्वर, हे ताटातलं प्रथिन नाही, हे शरीर स्वतः घडवतं. डोळ्याची जाळी नीट तयार व्हायला असं एक प्रथिन लागतं. ते घडवणारं जनुक तुमच्या मुलीत बिघडलेलं आहे.

आमच्या दुकानात नवसाच्या डोळ्यांचे दोन ठसे आहेत, त्यावर पत्रा ठोकला की डोळा उठतो. एक पणजोबांच्या काळचा, एक अण्णांनी केलेला. त्यातल्या एकाला तडा गेला तरी गिऱ्हाइकाला कधी कळणार नाही, कारण आम्ही दुसऱ्यावर काम चालवतो. माणसाचंही तसंच आहे. प्रत्येक जनुकाचे दोन ठसे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. माझा एक ठसा तडकलेला आहे. मंगलचा एक तडकलेला आहे. आमच्या दोघांचेही डोळे ठणठणीत, कारण दुसरा चांगला होता. पण मोहिनीला माझ्याकडून नेमका तडकलेला गेला आणि मंगलकडूनही तडकलेलाच गेला. तिच्याकडं चांगला ठसाच उरला नाही. जाळी घडवायला कारागीर आलाच नाही.

मंगलचा आणि माझा ठसा एकाच जागी तडकलेला निघाला. एकाच घराच्या दोन शाखा. माझ्या आईकडून मला आला, मामांकडून मंगलला आला, आणि त्या दोघांना त्यांच्या आई किंवा वडिलांकडून. त्यांना कुणाकडून, ते देव जाणे. कुणी मुद्दाम आणला नाही, कुणाच्या पापानं आला नाही. मॅडमनी हे माझ्या आईलाही समोर बसवून सांगितलं. आई त्या दिवशी घरी आली. मंगलला पाटावर बसवलं आणि तिच्या केसांना तेल लावलं. लगीन होऊन आल्यापासून पहिल्यांदा. ग्रहणाचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही. गावातही निघू नये, ही हात जोडून विनंती.

इथं मॅडमनी मला एक गोष्ट सांगायचीच म्हणून बजावलं आहे. ती नाही सांगितली तर त्या आज चहा घेणार नाहीत. मोठ्या माणसांचा काचबिंदू असतो, त्यातही जनुकांचा वाटा असतो. मायोसिलिन नावाचं एक प्रथिन आहे, ते त्याच जाळीत असतं. काही घराण्यांत त्याचं जनुक बिघडतं, मग प्रथिनाची घडी चुकते, ते पेशींमध्ये अडकून साचतं आणि जाळी काम सोडते. तिथं दोन्ही ठसे बिघडावे लागत नाहीत, एक पुरतो, म्हणून आजोबा, बाप, मुलगा असं चालत येतं, कधीकधी तरुणपणीच. आणि बाकी पुष्कळ लोकांमध्ये एकच एक जनुक दोषी नसतं, अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. ज्यांच्या घरात कुणाला काचबिंदू आहे, त्यांनी नवस जरूर करावा, डोळे आमच्याकडूनच घ्यावेत, पण आधी डोळ्याचा दाब मोजून यावं.

आणि लहान बाळाचं लवकर कळलं तर? त्याचं उत्तर तुमच्यासमोर आहे. ज्या मुलीनं आत्ता पाहुण्यांना गुलाबाचं फूल देऊन स्वागत केलं, जाड भिंगाचा चष्मा आहे तिला, ती वाहेदभाईंची भाची जोया. तिची शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्यात झाली. ती चौथीला आहे. फळ्यावरचं वाचते, पहिल्या बाकावरून का होईना, वाचते. मोहिनीचे आणि तिचे डोळे सारखेच आले होते. फरक एवढाच की तिच्या घरात कुणी देवीचे डोळे घडवत नव्हतं.

आता मी जे बोलणार आहे ते घरातलं आहे. सभेत बोलावं का, यावर मी फार विचार केला. घरात बोलून झालं आहे, म्हणून इथं बोलतो. मामा, मी तुमचा भाचा आहे, जावई आहे. राग आला तर घरी गेल्यावर काढा, मी मान खाली घालून ऐकेन.

माझा भाऊ युवराज आणि मामांची धाकटी मुलगी सुरेखा यांचं लग्न लहानपणीच ठरलेलं आहे. मंगल दिली त्याच घरात सुरेखा द्यायची, असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं बोलणं झालेलं. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी काढायची आहे. दोघांचं एकमेकांवर मन आहे, हे मी मोठा भाऊ असून सांगतो. युवराजनं रक्त तपासून घेतलं. त्याच्यातही तडकलेला ठसा निघाला, माझ्यासारखाच. आता सुरेखाचं रक्त तपासायचं राहिलं आहे. तिच्यात तो नसेल, तर त्यांच्या एकाही बाळाला हा आजार या वाटेनं येणार नाही, लग्न वाजतगाजत करू. असेल, तर प्रत्येक बाळाला चारात एक एवढा धोका राहील. मग लग्न करायचं की नाही, हे त्या दोघांनी मॅडमसमोर बसून ठरवावं. आणि केलं, तर बाळ जन्मताच त्याचे डोळे तपासायचे, वर्षाची वाट बघायची नाही. मी लग्न मोडा म्हणत नाही, मामा. आधी बघून घ्या, एवढंच म्हणतो.

गेल्या आठवड्यात मी गेवराईला मामांकडं गेलो होतो. मामाही सोनार, मोठी पेढी आहे. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "रामेश्वर, सोन्याला कस लावत्यात. लेकीला न्हाई. उद्या गावात झालं की रामहरीच्या पोरीचं रक्त तपासलं, तर तिला दारात कोण उभं करंल?"

मामांचं भय खोटं नाही. मुलगी असलेल्या बापाला ते समजतं, आणि मीही मुलीचा बाप आहे. मी उठलो. सुरेखा चहाचे कप न्यायला आली होती. दारातच थांबली आणि हळू म्हणाली, "दाजी, कस लावला म्हणून सोनं कधी बाटलंय का?" मामांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून आज मी ते मोठ्यानं सांगितलं.

आता अण्णांबद्दल. ते समोर बसले आहेत, म्हणून त्यांची परवानगी काल घेतली आहे. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

शहरातून शस्त्रक्रिया करून आलो त्या दिवसापासून अण्णांनी देवीचा डोळा घडवला नाही. लहान नवसाचे डोळे मी पाडतो. ते जोडवी आणि पैंजण करतात. मोहिनीशीही ते फार बोलत नसत. ती त्यांच्या मांडीवर बसायची, त्यांच्या हाताला चिकटलेली राळ नखानं काढायची, आणि ते तसेच बसून राहायचे. तिचं संभाजीनगरच्या शाळेत जायचं ठरलं, तेव्हा अण्णा भामाआजींकडं गेले आणि उजळून देतो म्हणून देवीचे मोठे डोळे घेऊन आले. पण ते त्यांना उजळायचे नव्हते. दुकानात शेगडी पेटवली, मूस ठेवली. ते डोळे वितळवून टाकायचे होते त्यांना. मी समोर होतो. निखारे फुलले, राख झाली, परत कोळसे घातले. सकाळची दुपार झाली, डोळे त्यांच्या मांडीवरच.

शाळेतून मोहिनी आली. चाचपडत त्यांच्या मांडीपाशी गेली, तिच्या हाताला ते डोळे लागले. तिनं बोटं फिरवली, पापणीच्या कडेनं, बुबुळाच्या गोलाईवरून. मग एक डोळा उचलून स्वतःच्या डोळ्यावर धरला. म्हणाली, "आबा, हे तर माझ्या मापाचे हायत. कुणाचे हायत?"

अण्णा म्हणाले, "देवीचे."

तिनं तो डोळा पुन्हा एकदा चाचपला. मग तिनं विचारलं, "मग देवीलाबी दिसत न्हाई का?"

मी भाषणात कुणाला रडवायला आलो नाही. पण अण्णांनी जे उत्तर दिलं ते गावाला कळलं पाहिजे, कारण साडेपाच वर्षांत त्यांनी या विषयावर काढलेला तो पहिला शब्द होता. ते म्हणाले, "न्हाई बाळा. तिलाबी दिसलं न्हाई. अन् मलाबी दिसलं न्हाई."

मोहिनीनं तो डोळा परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मग तिला मोडू नका. तिला शाळंत पाठवा."

अण्णांनी शेगडीवर पाणी ओतलं.

ते डोळे या रुमालात आहेत. भामाआजी, मी ते तुमच्या हाती परत देतो. अण्णांचं म्हणणं आहे की देवीला नवे, बारीक डोळे करून द्यावेत. माझी विनंती वेगळी आहे. हेच डोळे देवीला परत बसवा. ज्या ज्या बाया तान्ह्या लेकराला पायावर घालायला आणतील, त्यांना हे डोळे दाखवा. सांगा त्यांना, लेकराचे डोळे असे मोठे दिसायला लागले, पाणी गळायला लागलं, उजेडाला तोंड फिरवायला लागलं, तर माझी ओटी नंतर भर, आधी दवाखाना गाठ. तुमच्या तोंडून ते देवीनं सांगितल्यासारखं होईल. माझ्या तोंडून नुसतं सोनाराचं बोलणं होतं.

मोहिनी, आता तुझ्याशी बोलतो. तू मला काल रात्री विचारलंस की तिथं गेल्यावर दिसायला लागेल का. मी नाही म्हणालो. तू म्हणालीस, मग आजीनं तर सांगितलं होतं देवी देईल. मी त्यावर तुला नुसतं थोपटत राहिलो, कारण माझ्यापाशी खोटं नव्हतं आणि खरं बोलायला शब्द नव्हते. आज सांगतो. तुझे डोळे गेले त्यात तुझ्या आईची चूक नाही, तुझी नाही, देवीची नाही. तू आमच्याकडून नेलंस ते आम्हाला माहीत नसताना दिलेलं होतं. आता जे माहीत झालं आहे, ते तुझ्यामुळं झालं आहे. ज्या घरात यापुढं बाळ येईल, त्या घरावर तुझे उपकार आहेत, मग त्या घराला ते कळो वा न कळो. तिथं रात्री झोप लागली नाही तर पाढे म्हण. वीसच्या पुढचे मी पाठ करून ठेवतो, दिवाळीत आलीस की तू मला तपास.

वेळ फार घेतला. गुरुजींनी या कार्यक्रमासाठी शाळा उघडून दिली, वर्गातल्या मुलांनी मोहिनीच्या दप्तराला घुंगरू बांधून दिलं, मॅडम स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आल्या, वाहेदभाई आज धंदा बंद ठेवून आले. आभार हा शब्द यांच्यापुढं लहान पडतो, पण माझ्याकडं तोच आहे. माझ्या बोलण्यात कुणाचा मान दुखावला असेल, घरचं बाहेर आणल्यासारखं वाटलं असेल, तर एका मुलीच्या बापाची चूक समजून पदरात घ्या.

वाहेदभाईंची गाडी दोन वाजता निघणार आहे. वाटेत गेवराई लागते, आणि पुढं ती मॅडमच्या दवाखान्यावरूनच जाते. पुढं वाहेदभाई आणि मी, मागं मंगल आणि मोहिनी. मोहिनीच्या बाजूला खिडकीची एक जागा रिकामी ठेवली आहे. मामा, ती सुरेखासाठी आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर मी पुन्हा विचारणार नाही. पण त्या जागेवर सामानही ठेवणार नाही. ती तशीच रिकामी जाईल.